‘फरक पडला’ म्हणू नका

भेट देणारा माणूस दिलेली भेट विसरतो. काचेचा ताजमहाल दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, गणपती दिला (घरातला सातवा), की त्याचं काम संपलं. आठ दिवसांनी फोन करून ‘काय, ताजमहाल नियमित बघताय ना?’ असं कुणी विचारत नाही. आरोग्याची भेट देणारा मात्र विचारतो. आठव्या दिवशी विचारतो, एकविसाव्या दिवशी विचारतो, आणि कुणाच्या तरी लग्नात अक्षता पडत असताना मागच्या रांगेतून पुढे वाकून विचारतो : ‘अनशापोटी घेताय ना? अनशापोटीच घ्यायचं हं!’

पन्नाशी ओलांडलेलं कुठलंही मराठी घर घ्या. कपाटाचा वरचा कप्पा उघडा. तांब्याची बाटली. लोहचुंबकाचं कडं. मोबाइलच्या पाठीला चिकटवायचा, किरणं अडवणारा सोनेरी स्टिकर. कुठल्याशा बेटावरच्या फळाचा जांभळट रस, ज्याची किंमत ऐकून फळापेक्षा बेटच घेतलं असतं तर परवडलं असतं असं वाटतं. पंचतुळस अर्क, दोन बाटल्या, एक अर्धी. तळपायाला रात्री लावायचे पांढरे पट्टे, जे सकाळी काळेकुट्ट निघतात आणि ‘बघ, किती विष साठलं होतं’ म्हणून घरभर दाखवले जातात. हे पट्टे नुसत्या पाण्याने भिजवले तरी तितकेच काळे होतात. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने असे पट्टे विकणाऱ्या एका कंपनीला २००९ मध्ये कोर्टात खेचलं होतं. पण आपल्याकडे ते विकत थोडेच आलेत! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आलेत. वाणाला कोण कोर्टात खेचणार?

या भेटी देणारी माणसं वाईट नसतात, हीच खरी अडचण आहे. वाईट असती तर सोपं होतं. आमच्या वन्संचंच घ्या. स्वतःला साडी घेताना दुकानदाराला तीन वेळा घाम फोडतील, पण माझ्या गुडघ्यासाठी नऊशे रुपयांचं तेल न सांगता, न विचारता, पदरचे पैसे घालून आणतील. रिक्षाने आणतील. जिना चढून आणतील. अशा माणसाला ‘हे थोतांड आहे’ म्हणायला जीभ रेटत नाही. रेटूही नये. माझं म्हणणं तेवढं निष्ठुर नाही.

माझं म्हणणं एका वाक्यापुरतं आहे. वन्संचा फोन येतो. ‘लावतेस ना गं?’ आपण म्हणतो, ‘हो, लावते ना.’ बाटलीचं बूचही उघडलेलं नसतं. ‘मग? फरक?’ आणि आपण, कुकरची तिसरी शिट्टी झालेली, दारात कचरेवाला उभा, फोन एकदाचा संपावा म्हणून म्हणतो : ‘हो हो, फरक पडला.’

इथे सगळं बिघडतं.

कारण ते वाक्य आपल्या घरात राहत नाही. ते त्याच संध्याकाळी वन्संच्या भिशीत पोचतं. ‘आमच्या वहिनीला फरक पडला.’ दोन दिवसांनी ते व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंबगटात येतं आणि तोवर त्याला हातपाय फुटलेले असतात : ‘ठाण्याच्या वहिनी आता काठीशिवाय चालतात.’ काठी माझ्याकडे कधीच नव्हती. पण आता ती सुटली आहे. नागपूरच्या कुणा चुलत दिरांनी हे वाचलेलं असतं, त्यांच्या शेजाऱ्यांचा गुडघा दुखत असतो, आणि महिन्याभरात तिकडून विचारणा येते की तेल गरम करून लावायचं की थंड. मी आता या तेलाची साक्षीदार आहे. शपथेवर सांगितलं नाही, एवढंच.

जगातला बराचसा भोंदू औषधांचा धंदा अशा साक्षींवर चालतो. साक्षीदार खोटारडे नसतात, भिडस्त असतात. कंपनीला जाहिरातीवर खर्च करावा लागतो, पण आपलं सौजन्य तिला फुकट मिळतं.

आणि गंमत अशी, की कधीकधी फरक खरोखरच पडतो. गुडघा, कंबर, मान, अ‍ॅसिडिटी, अर्धशिशी, ही सगळी दुखणी भरती-ओहोटीने चालतात. एका आठवड्यात जीव नकोसा होतो, पुढच्या आठवड्यात आपण जिने चढतो. आता नातेवाइकांना आपलं दुखणं कळतं कधी? ऐन भरतीत. भेट येते कधी? त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे भेट आली की पुढे ओहोटी ठरलेलीच. त्या आठवड्यात वन्संनी काचेचा ताजमहाल दिला असता आणि गुडघ्यावर चोळायला सांगितला असता, तरी गुडघा उतरला असता. श्रेय मात्र जी वस्तू त्या वेळी हातात असते तिला जातं.

मोठ्या आजारात हेच श्रेय भयंकर महाग पडतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की त्यांच्या पत्नीचा चौथ्या टप्प्याचा कर्करोग गेला, आणि कडुनिंब, हळद, लिंबूपाणी, साखर बंद, उपाशी राहण्याची वेळ वगैरे आहाराचं वर्णन केलं. त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया झाली होती, केमोथेरपी झाली होती. पण व्हिडिओतून लोकांनी उचललं काय? लिंबू. दोन-तीन दिवसांत मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांना सह्या करून निवेदन काढावं लागलं, की या दाव्यांना आधार नाही, उपचार लांबवू नका. मग सिद्धूंनीही खुलासा केला, की जे केलं ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. पण खुलासा कुणी पुढे पाठवत नाही. लिंबाचा व्हिडिओ मात्र अजून फिरत असेल, आणि परळच्या पदपथावर पथारी टाकून बसलेल्या कुणातरी रुग्णाच्या नातेवाइकाच्या मोबाइलवर तो कुणीतरी प्रेमानेच पाठवला असेल.

असो. वरच्या कप्प्याकडे परत येऊ, कारण त्यातल्या काही वस्तूंशी माझी जवळून ओळख आहे.

तांब्याची बाटली. हिला सरसकट नावं ठेवायला मी तयार नाही. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले काही जंतू मरतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. प्रश्न पुढच्या वाक्याचा असतो : ‘थायरॉइड जातो.’ शिवाय भेट देणारी मंडळी बाटलीबरोबर पाककृतीही देतात. त्यात लिंबू पिळा, आल्याचा तुकडा टाका, थोडं अ‍ॅपल सायडर व्हिनेगर. अहो, आंबट आणि तांबं! आपल्या आज्यांना रसायनशास्त्राची पदवी नव्हती, पण बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं, हे त्यांना पाठ होतं. कल्हईवाला गल्लीत येऊन भाता मारायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर काढायचा, तो काही पोरांची करमणूक म्हणून नव्हे. आंबटाने तांबं सुटतं आणि पोटात जातं, मळमळ होते, उलट्या होतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत असावं अशी मर्यादा घालून दिली आहे. परंपरेच्या नावाने भेट द्यायची आणि त्याच परंपरेतली कल्हई विसरायची, हा नवा प्रकार आहे.

लोहचुंबकाचं कडं आणि त्याची थोरली बहीण, चुंबकाची गादी. रक्तात लोह असतं, चुंबक लोहाला ओढतो, म्हणून रक्ताभिसरण सुधारतं. ऐकायला किती सरळ! पण रक्तातलं लोह चुंबकाला चिकटणाऱ्या खिळ्यातलं लोह नव्हे. तसं असतं तर एमआरआयच्या यंत्रात आडवा झालेला पेशंट बाहेर काढायची सोयच राहिली नसती. तिथला चुंबक दीड किंवा तीन टेस्लाचा असतो, फ्रिजवरच्या चुंबकाच्या शेकडो पट. त्यात माणूस अर्धा तास पडून राहतो आणि बाहेर येऊन ‘चहा मिळेल का’ विचारतो. ऑस्ट्रेलियात २०१० च्या अखेरीस ‘पॉवर बॅलन्स’ नावाच्या रबरी कड्यांच्या कंपनीने ग्राहक आयोगापुढे कबूल केलं, की आमच्या दाव्यांना कुठलाही विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावा नाही, पैसे परत घेऊन जा. तोवर मोठमोठे खेळाडू ती कडी घालून मैदानात उतरत होते. एक गोष्ट मात्र गंमतीची नाही. छातीत पेसमेकर बसवलेल्या माणसाला चुंबक छातीजवळ आणू नका असं डॉक्टर बजावून सांगतात. आणि चुंबकाच्या गादीची भेट कुणाला जाते? ज्याचं नुकतंच हृदयाचं काहीतरी झालंय, त्यालाच. अशा वेळी भीड गुंडाळून ठेवायची आणि गादीही. जिथल्या तिथे परत.

मोबाइलच्या किरणांपासून वाचवणारी लॉकेटं तर याच्याही वरताण निघाली. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या किरणोत्सर्ग-सुरक्षा प्राधिकरणाने अशा दहा वस्तूंबद्दल इशारा दिला. लॉकेटं होती, कडी होती, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी होती. फाइव्ह-जीच्या किरणांपासून रक्षण करणाऱ्या या वस्तू स्वतःच किरणोत्सारी होत्या. वापरू नका, सुरक्षित जागी ठेवून द्या आणि परत करण्याच्या सूचनेची वाट बघा, असं सरकारने सांगितलं. आता हे जिने तुमच्या गळ्यात प्रेमाने घातलं, त्या आत्याला कसं कळवायचं, याचा मसुदा काही डच सरकारने दिलेला नाही.

अल्कलाइन पाण्याच्या यंत्राबद्दल फार बोलत नाही. पोटात अ‍ॅसिड असतं, तिथे पोचलेलं पाणी कितीही महागडं असलं तरी पोट आपलं काम करतं. रक्ताचं पीएच शरीर ७.३५ ते ७.४५ मध्येच धरून ठेवतं, त्यासाठी त्याला ओट्यावरच्या यंत्राची गरज नाही. ‘द पीएच मिरॅकल’ हे जगभर खपलेलं पुस्तक लिहिणारे रॉबर्ट यंग कॅलिफोर्नियात २०१६ मध्ये विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल दोषी ठरले. पुस्तक भेट आलंच तर एवढं लक्षात असू द्या.

पुस्तकांवरून आठवलं. २०१८ च्या सुमाराला महाराष्ट्राची फाळणी झाली होती, दीक्षित की दिवेकर अशी. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे एकीकडे, दर दोन तासांनी खा म्हणणारे दुसरीकडे. वाढदिवसाला दोन्ही छावण्यांतून पुस्तकं यायची आणि एकाच फडताळावर शेजारी शेजारी उभी राहायची. तेव्हा वैताग यायचा. आता त्या काळाची आठवण सुखद वाटते. भांडण निदान जेवणावरून होतं.

‘नैसर्गिक आहे, अपाय काहीच नाही’ हे या भेटींसोबत येणारं कायमचं ग्रीटिंग कार्ड. दुधी नैसर्गिकच असतो. २०१० मध्ये दिल्लीत सीएसआयआरमधले एक शास्त्रज्ञ कडू दुधीचा रस प्यायले आणि दगावले. त्यानंतर आयसीएमआरने समिती नेमली आणि सल्ला दिला तो कुठल्याही स्वयंपाकिणीला ठाऊक असलेला : रस कडू लागला तर ओतून द्या. भाजी चिरताना आपण दुधीचा तुकडा चाखून बघतोच की! पण ‘औषध’ म्हटलं की कडू हा गुण ठरतो आणि माणूस नाक दाबून पेला रिकामा करतो. गुळवेलही नैसर्गिकच. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले, सगळे प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेणारे. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की ती खरी गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. असेलही. पण मग काकांनी मॉर्निंग वॉकला कुंपणावरून ओढून आणलेली वेल कुठली, हे काकांना तरी कुठे ठाऊक आहे?

त्या मानाने मला होमिओपॅथीच्या गोळ्यांची भेट फार सुसंस्कृत वाटते. २०२० मध्ये करोना आला, जानेवारीतच आयुष मंत्रालयाने आर्सेनिकम अल्बम ३० ची शिफारस केली, आणि पुढे राजकीय पक्षांनी त्या बाटल्या सोसायट्या-सोसायट्यांत वाटल्या. ३० म्हणजे शंभरात एक भाग विरळ, आणि हे तीस वेळा. एकावर साठ शून्यं. एवढ्या विरळणात मूळ पदार्थाचा एक रेणूसुद्धा उरत नाही. दिलं आणि नाहीही दिलं. साखरेच्या गोळ्या नातवंडांनी फस्त केल्या, कुणाचं काही बिघडलं नाही, आणि मास्क लावायचा राहिला नाही, तर हरकत घ्यायला जागाच नाही.

खरी भीती वाटावी अशी भेट कपाटात सगळ्यात साधी दिसते. ब्राउन कागदाची पुडी. नाव नाही, लेबल नाही, कंपनी नाही. ‘आमच्या गावाकडचे एक आहेत, पैसेसुद्धा घेत नाहीत, जे द्यायचं ते द्या.’ आणि ही पुडी लागू पडते! दोन दिवसांत सांधे मोकळे, दमा गायब, भूक सपाटून. म्हणूनच जपायचं. अशा बिननावाच्या पावडरींमध्ये स्टेरॉइड आणि वेदनाशामकं कुटून घातलेली आपल्या देशात पुन्हा पुन्हा सापडली आहेत. मधुमेह्याची साखर त्याने भडकते, आणि महिनोन्‌महिने घेऊन एकाएकी सोडली तर माणूस कोसळू शकतो. जे तेल काहीच करत नाही त्याच्याशी गोड बोलून भागतं. पण जी पुडी ताबडतोब गुण देते ती उघडायचीच नाही, डॉक्टरांपुढे ठेवायची.

कायदा आहे का? आहे, आणि चांगला जुना आहे. १९५४ चा औषधे व जादूई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. त्याच्या परिशिष्टात ५४ आजार आणि अवस्था आहेत, मधुमेहापासून कर्करोगापर्यंत आणि रक्तदाबापासून उंची वाढवण्यापर्यंत. हे बरं करतो अशी जाहिरातच करायची नाही. आणि जाहिरात म्हणजे काय, याची व्याख्या तर वाचण्यासारखी आहे : पत्रक, लेबल, वेष्टन, आणि तोंडी केलेली घोषणासुद्धा, तसंच प्रकाश, आवाज किंवा धूर यांच्या साधनाने केलेली. काटेकोर वाचलं तर हळदीकुंकवाला चार बायकांत उंच आवाजात बोलणाऱ्या आमच्या वन्संही त्यात बसतात. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद! पण बड्या कंपन्यांनाच कायदा गाठायला किती वर्षं लागतात ते आपण पाहिलं. इंडियन मेडिकल असोसिएशन २०२२ मध्ये पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने वर्तमानपत्रांतून माफी छापली, तेव्हा न्यायमूर्तींनी विचारलं, माफीचा आकार तुमच्या नेहमीच्या जाहिरातींएवढा आहे का? बायकांच्या मनातला प्रश्न कोर्टाने विचारला. सगळ्यांच्या घरात हेच चालतं. बोभाटा चारचौघांत, माफी स्वयंपाकघरात.

तर मग करायचं काय? भांडायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. यात अवघड वाटतं तेवढं काही नाही, कारण आभार मानायला खरी जागा आहे. ‘वन्संनी आठवण ठेवली, रिक्षा करून आल्या’ हे खरं आहे, तेच म्हणावं. तोंड भरून म्हणावं. माणसाचे आभार मानावेत, बाटलीचे मानू नयेत. चहा करावा, पोहे करावेत, जाताना डबा द्यावा. आपल्याकडे कुणी ‘फरक पडला’ची वाट बघत पोहे अर्धवट ठेवत नाही.

पुढचा फोन आला की एकच वाक्य : ‘डॉक्टरांना दाखवून मग सुरू करीन म्हणते.’ हे म्हणायला आपण का कचरतो, कळत नाही. डॉक्टरांच्या नावावर आपण गोड खातो, लग्नं टाळतो, सासरी जाणं टाळतो. मग हेच का नाही? यात देणाऱ्याचा अपमान नाही, खोटं नाही (दाखवा की खरंच, पुढच्या वेळी पिशवीत टाकून न्या), आणि सगळ्यात महत्त्वाचं, भिशीत सांगण्याजोगं यात काही नाही. ‘आमच्या वहिनी डॉक्टरांना दाखवणार आहेत’ ही बातमी नागपूरपर्यंत जात नाही.

डबा लेबल लावलेला असेल तर आणखी एक सभ्य उपाय आहे. चष्मा लावायचा आणि देणाऱ्यासमोरच लेबल मोठ्याने वाचायचं. ‘शुगर मुळापासून जाते’ म्हणून दिलेल्या त्या चकचकीत डब्यावर, प्रोटीन, जस्त, अश्वगंधा यांच्या खाली, मुंगीच्या अक्षरात, इंग्रजीत छापलेलं सापडतं : औषधी वापरासाठी नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार हे पूरक आहाराच्या डब्यावर छापावंच लागतं. उसगावातून भाचा डबा घेऊन आला असेल तर त्यावरही असतं, की या दाव्यांची तिथल्या एफडीएने तपासणी केलेली नाही आणि हे कुठलाही रोग बरा करण्यासाठी नाही. कंपनी स्वतःच कबूल करते आहे. आपण फक्त वाचून दाखवायचं, भोळेपणाने. ‘अय्या, हे असं का लिहिलंय हो?’

डबा देणारा जर ‘आवडला तर मी तुमचं खातं उघडून देतो, खाली तीन माणसं जोडली की तुमचा डबा फुकट’ म्हणाला, तर समजावं की हा आहेर नव्हे, नमुना आहे. पहिला डबा प्रेमाचा, दुसऱ्याचं बिल. अशा थेट विक्रीसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले आहेत, फसवे दावे करू नका असं त्यात स्पष्ट आहे. इथे सौजन्य कमी झालं तरी चालेल. धंद्याला आलेल्या माणसाला नको म्हणणं हा व्यवहार आहे.

आणखी एक. भेट फिरवू नका. ब्लाउजपीस फिरतं, त्याला माझी हरकत नाही. एकच गुलाबी खण तीन वर्षांत नऊ घरं हिंडून परत आपल्याच ओटीत येतो, त्याने कुणाचं यकृत बिघडत नाही. पण नको असलेली अर्काची बाटली पुढच्या हळदीकुंकवाला खपवली, की आपण वन्संच्या जागी जाऊन बसलो.

आणि जेव्हा कुणी म्हणेल, ‘हे सुरू केलंस की त्या गोळ्या बंद कर’, तेव्हा मात्र पोहे, डबा, आभार सगळं बाजूला. बीपीच्या, शुगरच्या, थायरॉइडच्या, फिटच्या गोळ्या वन्संच्या सांगण्याने बंद होत नसतात. तिथे स्पष्ट ‘नाही’ म्हणायचं, आणि शेजारी कुणी तसं करताना दिसलं तर तिथेही बोलायचं. रागावतील. दिवाळीपर्यंत बोलायला लागतात.

परवा मी हे सगळं नीट पाळलं. वन्संचा फोन आला. लावतेस ना? म्हटलं, आता डॉक्टरांना विचारूनच लावीन, पुढच्या आठवड्यात जायचंच आहे. जरा हिरमुसल्या. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, ‘वन्सं, तुमचा गुडघा कसा आहे हो? तुम्हीही तेच लावत होतात ना?’

‘माझा? अगं, माझं पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलंय. दोन्ही गुडघे.’

‘अहो, मग ते तेल?’

‘तेल चांगलंच आहे गं! नलूताईंनी आणून दिलं होतं, एवढ्या लांबून. वर रोज फोन करून विचारायच्या. मग त्यांना काय सांगणार? म्हटलं, फरक पडला.’